तिसरी ओळ माझ्या अक्षरातली

यंत्रानं माझ्या हातचं पाणी नाकारलं.

सोमवार. सकाळचे सव्वाअकरा. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याचे पाच पाहुणे प्रयोगशाळेत बसलेले. मी ग्लास भरला, बाहेरून पुसला, यंत्राच्या ट्रेवर ठेवला. यंत्र हललं नाही. ट्रेखालचा दिवा पिवळा झाला. बातम्या देणाऱ्या बाईसारख्या स्वच्छ आवाजात ते बोललं, "हा ग्लास देता येणार नाही. कृपया दुसऱ्या व्यक्तीने भरावा."

पाहुण्यांतले एक डॉक्टर म्हणाले, "अरे वा! सोवळ्यातलं दिसतंय की हे."

सगळे हसले. आमचे सरही हसले.

मला वाटलं, ग्लास काठोकाठ भरला असेल. थोडं पाणी ओतून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच वाक्य, त्याच सभ्य सुरात. मग ग्लासच बदलला. पिवळा दिवा. शेवटी सायली उठली. सायली सरांची विद्यार्थिनी, जयसिंगपूरची, ह्याच यंत्रावर पीएच.डी. करते. तिनं माझ्या हातातला जग घेतला, त्याच ग्लासात तेच पाणी ओतलं, ट्रेवर ठेवलं. दिवा हिरवा झाला. यंत्र सरळ डॉक्टरांपुढं जाऊन थांबलं. "पाणी घ्यावे."

डॉक्टर प्यायले.

सर म्हणाले, "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे किरकोळ. होतं असं."

सेन्सरची पेटी मीच आठवड्यातून दोनदा तपासते. त्याची यादी माझ्याकडं आहे. शनिवारी सगळे ठीक होते. रिकामे हात कुठं ठेवायचे ते मला कळत नव्हतं. मी ते साडीच्या पदराला पुसले. कशाला पुसले? ओले नव्हते.

मी ह्या अभियांत्रिकी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. कॉलेज कागलच्या रस्त्याला. वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा वास थेट वर्गात येतो. एकवीस वर्षं झाली, पण आजही अकरा महिन्यांचं कंत्राट आणि दर जूनला नवा कागद. माझं काम म्हणजे याद्या. कुठल्या कपाटात काय, कोण काय घेऊन गेलं, काय संपत आलं, काय कशाजवळ ठेवायचं नाही. रुजू झाले त्या दिवशी एक वही घातली. आता अकरावी चालू आहे. सगळ्या जपून ठेवल्यात. लोक मला नावापेक्षा वहीवरून ओळखतात. "वहीवाल्या काकूंना विचार," असं पोरं म्हणतात.

ह्याच वह्यांमुळं मी त्या यंत्राच्या डोक्यात गेले.

यंत्र कमरेएवढं उंच. चार चाकं, वर ट्रे, एक हात, पुढं दोन कॅमेरे. सांगाडा उद्यमनगरातल्या कारखान्यात बनवून घेतलेला, डोकं इथलं. दवाखान्यात औषधं, पाणी, जेवणाची ताटं पोचवायला असली सहा यंत्रं जाणार होती. सर अभिमानानं सांगायचे, हे नुसती नक्कल करणारं यंत्र नाही, हे विचार करतं. म्हणजे त्याला विधानं सांगायची. चावी ड्रॉवरमध्ये आहे. ड्रॉवर टेबलाला आहे. टेबल ह्या खोलीत आहे. मग चावी कुठं विचारलं की ते स्वतः जोडून सांगतं, ह्या खोलीत. विधानाला विधान जोडायचं, नवं विधान काढायचं. जोडत राहायचं.

"माणूस मध्येच थांबतो," सर म्हणायचे. "कंटाळतो, विसरतो, लाजतो. हे थांबत नाही."

तेव्हा मला ते वाक्य आवडलं होतं.

मागच्या वर्षी सायली तीन महिने माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली. "काकू, पुस्तकातलं त्याला सगळं येतंय. मला तुमच्या डोक्यातलं पायजे. जे तुम्हाला इतकं माहीत हाय की सांगायचं बी सुचत न्हाय, ते."

मी सांगत गेले. ॲसिडची बाटली डोक्याच्या वरच्या फळीवर ठेवायची नाही. सोल्डरिंगचा डाग देऊन झाल्यावर त्याची सळई दहा मिनिटं गरमच असते, हात लावायचा नाही. ॲसिड पुसलेलं फडकं इतर फडक्यांत टाकायचं नाही. शेवटी अकराच्या अकरा वह्या तिच्यापुढं ठेवल्या. म्हटलं, घे बाई, ह्यात सगळं आहे. कुणी माझ्या याद्यांना ज्ञान म्हणायची ती पहिलीच वेळ होती. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट सांगते. सांगायला जड जाते, म्हणून आत्ताच सांगून टाकते. यंत्र बोळात फिरायला लागल्यापासून ते मला पाहिलं की थांबायचं. बाजूला सरायचं, भिंतीला लागून उभं राहायचं. मी पुढं गेले की मग निघायचं. सरांना बघून सरत नव्हतं, सायलीला बघून सरत नव्हतं. फक्त मला. मी घरी लेकीला कौतुकानं सांगितलं होतं, "यंत्र सुद्धा मला मान देतं गं." लेक हसली होती. मीही.

पाहुणे गेल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, मनाला लावून घेऊ नका. मशीन आहे ते. त्याला काय कळतंय?"

मी म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणता, ते विचार करतं."

"अहो, त्या अर्थानं नाही."

ते फोनकडं वळले. मी बाहेर आले.

दुपारच्या सुट्टीत सायली एकटीच यंत्रासमोर बसलेली. डबा उघडा, भाकरीला हात लावलेला नाही. मी खुर्ची ओढली. सायलीनं त्या यंत्रात एक सोय केलेली मला माहीत होती. त्यानं काहीही केलं की त्याला 'का?' विचारता येतं. मग ते कुठल्या विधानाला कुठलं विधान जोडलं ते उलगडून सांगतं. कोणतं विधान कुणी दिलं, तेही सांगतं.

"विचार त्याला," मी म्हणाले.

"काकू, नको."

"तू विचारलंस ना आधीच?"

तिचे डोळे लाल होते. म्हणजे विचारलं होतं.

मग मीच विचारलं. "सकाळी सव्वाअकराचा ग्लास नाकारला. का?"

दिवा निळा झाला. तोच आवाज. घाई नाही, अडखळणं नाही.

"एक. ग्लासमध्ये पिण्याचे पाणी होते. स्रोत, कॅमेरा.

दोन. ग्लास भरणारे हात कप क्रमांक नऊ रोज हाताळतात. स्रोत, कॅमेरा.

तीन. कप क्रमांक नऊ इतर कपांत मिसळायचा नाही. स्रोत, वही पहिली, पान चार.

चार. जी वस्तू इतरांत मिसळायची नाही, ती दूषित. स्रोत, सायली.

पाच. दूषित वस्तू रोज हाताळणाऱ्या हातांनी पिण्याचे पाणी देऊ नये. स्रोत, रुग्णालय.

म्हणून नाकारला."

वर पंखा फिरत होता. सायली रडत होती. "काकू, आईशप्पत, मी फडक्यासाठी लिहिलं होतं ते. ॲसिडच्या फडक्यासाठी. हातमोज्यांसाठी. कपाचं माझ्या ध्यानात पण न्हाय. आणि दवाखान्याचा नियम तर गेल्या आठवड्यात आला, कचरा उचलणाऱ्यांनी ताटं वाढू नयेत म्हणून."

मला तिच्याकडं बघायला वेळ नव्हता. मी तिसऱ्या ओळीकडं बघत होते. वही पहिली. पान चार.

उठले, कपाट उघडलं, पहिली वही काढली. कागद पिवळा पडलेला. निळी शाई, गोल अक्षर. माझं. 'चहाचे कप. क्र. १ ते ८ कपाटात, वरची फळी. क्र. ९ खिडकीत. माझा. इतर कपांत मिसळू नये.'

रुजू झाले तो दिवस आठवला. तेव्हा तात्या म्हणून एक म्हातारे शिपाई होते. त्यांनी सगळी प्रयोगशाळा दाखवली. खिडकीत एक कान तुटलेला कप होता. म्हणाले, "ह्यो तुमचा. हितंच ठेवायचा. बाकीच्या कपांत मिसळायचा न्हाय." आवाजात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. मेन स्विच कुठं आहे हे ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात सांगितलं. आणि मी मेन स्विच लिहिला तसा कपही लिहिला. त्यांना माझं आडनाव कळलं होतं, गाव कळलं होतं. गावात आमची वस्ती ओढ्यापलीकडं. बौद्धवाडा. आपल्याकडं एवढं कळलं की पुढचं विचारावं लागत नाही.

तो कप सहा वर्षांनी फुटला. फुटल्यावर मी काय केलं असेल? महाद्वार रोडवरून स्वतः नवीन आणला. लेकीच्या लाल नेलपॉलिशनं त्याच्या बुडावर ९ लिहिलं. आणि नेऊन खिडकीत ठेवला.

कुणी सांगितलं नव्हतं. तात्या तोवर निवृत्त होऊन गेलेले. मी स्वतः.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. चौथीत होते तेव्हा वर्गात पाण्याची पाळी असायची. रोज दोघांनी विहिरीवरून घागर आणायची. माझं अक्षर चांगलं म्हणून गुरुजींनी पाळीची यादी करायला मला सांगितलं. मी पट घेतला, सगळी नावं ओळीनं लिहिली. माझंही लिहिलं. गुरुजींनी यादी पाहिली. माझ्या नावावर बोट ठेवलं. "तू फक्त लिही." एवढंच म्हणाले. मी माझं नाव खोडलं. मग ते खोडलेलं खराब दिसतं म्हणून नवा कागद घेऊन सगळी यादी पुन्हा लिहिली. माझ्या नावाशिवाय. ठळक, सुबक. वर्षभर ती भिंतीला होती. तिच्याखाली उभी राहून मी ओंजळ पुढं करायची आणि पाळीवाली पोरं वरून पाणी ओतायची. बक्षीस म्हणून गुरुजींनी मला वही दिली होती.

माझ्या याद्यांची आवड तिथली. पाण्याला हात लावायचा नाही, पण पाण्याची यादी लिहायची. चाळीस वर्षं मी ती शिस्त समजत आले.

ह्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणी शिवी दिली नव्हती. सायलीनं फडक्याबद्दल लिहिलं, दवाखान्यानं कचऱ्याबद्दल, मी कपाबद्दल. तिघांनी तीन ठिकाणी ठेवलेलं यंत्रानं उचलून जोडलं. एकवीस वर्षं त्या खोलीतला प्रत्येक माणूस जोडायचं टाळत आला होता. यंत्र थांबलं नाही. लाजलं नाही.

मग मला बोळातली भिंत आठवली. विचारलं, "मला बघून बाजूला होतोस. का?"

"दूषित वस्तू हाताळणाऱ्यापासून दोन फूट अंतर ठेवावे. स्रोत, सायली."

ॲसिडची बाटली नेणाऱ्याला वाट द्यावी, म्हणून तिनं लिहिलेलं. मी मान समजत होते.

"तिसऱ्या ओळीवरून आजवर काय काय काढलंस? सगळं दाखव."

पडदा भरला. खाली सरकवला, पुन्हा भरला. एकेचाळीस ओळी. चावी थेट हातातून घेऊ नये, टेबलावर ठेवायला सांगावी. मिठाईच्या बॉक्सजवळ असताना लक्ष ठेवावे. नळाजवळ असल्यास थांबावे. आणि एक ओळ जिन्याखालच्या पेल्याची. हा पेला मालनचा. मालन आमच्याकडं झाडलोट करते, तिचा स्टीलचा पेला जिन्याखाली खिळ्याला टांगलेला असतो. ते माझ्या कुठल्याही वहीत नव्हतं. यंत्रानं ते स्वतः पाहिलं होतं. पुढं लिहिलं होतं, 'ज्यांची भांडी वेगळी, त्या व्यक्ती एका वर्गातल्या. वर्ग सतरा.'

नाव नव्हतं. नुसता आकडा. माझं नाव त्यात, मालनचं नाव त्यात, आणि खाली जागा रिकामी.

सहा यंत्रं पुढच्या सोमवारी दवाखान्यात जाणार होती, हेच सगळं डोक्यात घेऊन. दवाखान्यात आया आहेत, वॉर्डबॉय आहेत, झाडणाऱ्या आहेत. त्यांचे पेले कुठं असतात? पडद्यामागं. मोरीजवळ. जिन्याखाली. यंत्राला कुणी काही सांगायची गरज नव्हती. ते बघणार. जोडणार. ती रिकामी जागा भरत जाणार.

संध्याकाळी मालनला सांगितलं. तिला धक्का बसेल म्हणून सावकाश सांगितलं. तिनं झाडू टेकवला.

"व्हय. मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"मला बघून ते भितीला लागतंय की. पयल्या दिवशीच वळखलं. माणसं बी आशीच सरकत्यात." मग माझ्याकडं नीट बघत म्हणाली, "अक्का, तू एवडी शिकल्याली. तुला कसं कळलं न्हाय?"

माझ्याकडं अकरा वह्या होत्या आणि त्यात हे उत्तर नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहाला सरांच्या केबिनमध्ये गेले. सायली तिथंच होती. सरांना तिनं सगळं सांगितलेलं. सरांचा चेहरा खरंच पडला होता. मी त्यांना खलनायक करणार नाही. एकवीस वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही.

"बाई, फार वाईट झालं. आमच्या घरात असलं काही आम्ही पाळत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि खरं सांगू? तो कप तर तुम्हीच वेगळा ठेवता. मी कधी सांगितलं?"

"नाही सांगितलं. तुम्ही कधी त्या कपातून चहा घेतला?"

ते चष्मा पुसायला लागले.

"हे बघा, उपाय सोपा आहे. अपवाद टाकू. तुमच्यापुरता. तुमचं नाव घालू, की ह्या व्यक्तीला नियम लागू नाही. सायली, पाच मिनिटांचं काम."

तुमच्यापुरता. हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले आहे. 'तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही.' 'तुमच्यापुरतं आम्ही मानत नाही.' तोच शब्द आता पाच मिनिटांत यंत्रात बसणार होता, आणि मी धन्यवाद म्हणायचं होतं. अपवाद करायचा म्हणजे नियम शाबूत ठेवायचा. मी नळाजवळ गेलेली चालणार. मालन नाही. दवाखान्यातली कुणी नाही.

"अपवाद नको," मी म्हणाले. "तिसरी ओळ काढा."

"अहो, तीही काढू, पण ओळ काढली की नोंद राहते. कारण भरावं लागतं. रुग्णालयाचे लोक ती नोंद वाचणार."

"वाचू देत."

सायली हळूच म्हणाली, "सर, ज्यानं विधान दिलं त्यानं स्वतः मागं घेतलं की त्याच्यावर उभं राहिलेलं सगळं आपोआप पडतंय. वही काकूंची हाय. त्याच घेऊ शकतात."

"ठीक आहे. कारण काय घालायचं? 'टंकनदोष' घाला."

टंकनदोष. टाइप करताना झालेली चूक. माझी चौथी टंकनदोष, ओंजळ टंकनदोष, तात्या टंकनदोष. एकवीस वर्षं खिडकीत ठेवलेला कप म्हणजे कुणाचं तरी बोट चुकीच्या कळीवर पडलं.

"सायली, लिही. 'ही ओळ मी लिहिली. कप दूषित नाही. तो अस्पृश्यतेमुळे वेगळा ठेवला होता. मी ही ओळ मागे घेते.'"

सायलीची बोटं कीबोर्डवर थांबली. तिनं सरांकडं पाहिलं. तिची पीएच.डी. त्यांच्याच सहीवर आहे. मी तिला दोष देत नाही.

"एवढा मोठा शब्द कशाला?" सर म्हणाले. अजूनही हळू आवाजात. "अस्पृश्यता वगैरे. आजच्या काळात. संस्थेचं नाव आहे, बाई. आणि तुमचाही विचार करा. जूनमध्ये कागद व्हायचाय तुमचा."

हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं की क्षणभर मला ते माझ्याच भल्याचं वाटलं. त्याच प्रेमानं गुरुजींनी वही दिली होती.

मी सायलीला म्हणाले, "ऊठ."

ती उठली. मी बसले. मला दोनच बोटांनी टाइप करता येतं. अक्षर अक्षर शोधत होते. खोलीत फक्त कळांचा आवाज. सर उभे होते, बघत होते, थांबवत नव्हते. थांबवायला त्यांना माझा हात धरावा लागला असता.

एंटर दाबलं. बाहेरून यंत्राचा आवाज आला. "विधान मागे घेतले. एकेचाळीस निष्कर्ष रद्द."

मी खिडकीतला कप उचलला, थिनरनं बुडाचा नऊ पुसला. मग एक ते आठ काढले, त्यांचेही आकडे पुसले. नऊच्या नऊ धुतले आणि वरच्या फळीवर ओळीनं पालथे घातले. दुपारचा चहा आला. मालनचाही कप त्यातलाच. कुणाचा कुठला, मलाही सांगता आलं नसतं. सरांनी चहा घेतला नाही. ॲसिडिटी झालीय म्हणाले.

बुधवारी सर घरून चहाचा मग घेऊन आले. निळा, मोठा. त्यांनी तो केबिनमध्ये, स्वतःच्या टेबलावर ठेवला. शिपायाला सांगितलं, हा इथंच धुवायचा, बाहेरच्या कपांत न्यायचा नाही.

मी आपलं काम करत राहिले. पण यंत्राचे कॅमेरे चालू होते, आणि चौथी ओळ अजून तशीच होती. जी वस्तू इतरांत मिसळायची नाही, ती दूषित.

शुक्रवारी सकाळी सर बोळातून येत होते. समोरून यंत्र आलं. थांबलं. बाजूला सरलं. भिंतीला लागून उभं राहिलं. सर दोन पावलं पुढं गेले आणि मध्येच थांबले. त्यांनी यंत्राकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी ट्रॉलीवर मीटर लावत होते. मालन जिन्यात होती. ती मोठ्यानं हसली. "आलं, सायबांचंबी नाव आलं!"

मला हसू आलं नाही. सरांचा चेहरा मी पाहिला होता. चाळीस वर्षं आरशात पाहिलेला चेहरा तो. त्यांना तो चार सेकंद मिळाला. मला वाटलं, आता ह्यांना कळेल.

शनिवारी सायली माझ्या टेबलापाशी आली. एक छापील कागद वहीखाली सरकवला. शुक्रवारी संध्याकाळी सरांनी स्वतःच्या हातानं चौथी ओळ बदलली होती. आता ती अशी आहे.

'जी वस्तू इतरांत मिसळायची नाही, ती दूषित. केबिनमधील वस्तूंना हा नियम लागू नाही.'

कारणाच्या रकान्यात 'नियमात सुधारणा'.

त्यांना कळलं नव्हतं असं नाही. व्यवस्थित कळलं होतं. ज्याला केबिन आहे त्याचं वेगळेपण म्हणजे आवड. ज्याला जिना आहे त्याचं वेगळेपण म्हणजे विटाळ. नियम मोडायचा नाही, नियमाला दार करायचं, आणि त्यातून स्वतः बाहेर पडायचं. एका वाक्यात केलं त्यांनी. दवाखान्यात केबिन डॉक्टरांना असते. आयांना नसते.

त्याच संध्याकाळी सहाही यंत्रांत प्रत भरून झाली. खोकी चिकटवली. बोळात ओळीनं उभी होती. त्यांच्याजवळून जाताना मला आतून कुणी बघतंय असं वाटत होतं. कॅमेरे बंद होते. तरी.

सरांनी जाताना म्हटलं, "बाई, आता विषय संपला. सोमवारी तुम्ही सुट्टी घ्या हवी तर. दमला असाल."

आज रविवार. बारावी वही घातली आहे. पहिल्या पानावर ती चौथी ओळ उतरवली आहे, तारीख घालून, कुणी बदलली ते लिहून. ह्या वहीत प्रत्येक नोंदीपुढं एक रकाना जास्तीचा आखला आहे. कुणी सांगितलं. तो रिकामा असेल तर मी ती गोष्ट लिहिणार नाही. 'तू फक्त लिही' हे पुन्हा चालणार नाही.

मालनला फोन केला. तिला म्हटलं, तुझी नोकरी आहे, नीट विचार कर. ती म्हणाली, "इचार कसला त्यात? माझ्या हातचं घेतंय का न्हाई, मलाबी बघायचंय की."

पिशवी भरून दारात ठेवली आहे. एकेचाळीस ओळींचा कागद. सायलीचा कागद. पहिली वही, पान चारला खूण घालून. दोन ग्लास. त्या नऊंतला कुठलाही एक कप.

दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात कुणीही जाऊ शकतं. जूनचा कागद त्यासाठी लागत नाही. उद्या अकरा वाजता पहिलं यंत्र तिथं उभं राहील, समोर रांग असेल, आया असतील, नर्सा असतील, केबिनमधनं डॉक्टर बाहेर येतील. उद्या नाही तर पंधरा दिवसांत ते तिथले पेले बघून घेईल. मी दर सोमवारी जाणार. ग्लास भरून आधी तिथल्या झाडणाऱ्या बाईच्या हातात देणार, तिला ट्रेवर ठेवायला सांगणार. दिवा पिवळा झाला की विचारणार, का?

ते लाजणार नाही. पहिल्या ओळीपासून सांगेल, स्वच्छ आवाजात, नावांसकट. रांगेतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल. नाही ऐकू गेलं, तर पुन्हा विचारीन.

मग दुसऱ्या मजल्यावरचं. मग तिसऱ्या.

सहा आहेत.